तबला वाजवते, हे कागदावर सिद्ध करताना

पुणे, मग मॉरिशस, मग बर्लिन आणि आता अधूनमधून अमेरिका-ब्रिटनचे दौरे. "ताई, व्हिसाचं कसं जमवलंत?" असं विचारणारी तरुण वादक मुलं-मुली सतत भेटतात. फोनवर तुकड्यातुकड्यांत सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढते.

मॉरिशसला करारावर तबला शिकवायला गेले होते. परवाना, राहण्याची जागा, सगळं बोलावणाऱ्यांनी पाहिलं. तिथे कोकणातून गेलेल्या गिरमिटियांच्या, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांच्या, वंशजांचा मराठी समाज आहे, गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते आणि मोकाच्या महात्मा गांधी संस्थेत मराठीही शिकवतात, हिंदुस्तानी संगीतही. मी कोण, हे तिथे कुणाला पटवून द्यावं लागलं नाही. गणपतीत भजनाला साथीला बसले की ओळख झाली. त्रास होता तो हवेचा. दमट हवेत पुडी, म्हणजे तबल्यावरचं कातडं, इतकी सैलावायची की वर्ग सुरू करण्याआधी हातोडी घेऊन ती ताणणारे लाकडी गट्टे ठोकत बसावं लागे.

खरी कसोटी जर्मनीत लागली. तिथे नोकरीशिवाय, स्वतंत्र कलाकार म्हणून राहण्याचा परवाना मिळतो. निवास कायद्याच्या 21व्या कलमात त्याची तरतूद आहे. त्यासाठी काम देऊ इच्छिणाऱ्यांची पत्रं, उत्पन्नाचा अंदाज, आरोग्य विमा, घराचा करार आणि शिक्षणाचे दाखले लागतात. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या 'विशारद'चं प्रमाणपत्र भाषांतर करून जोडलं. पण जे काही येतं ते गुरुजींसमोर बसून आलेलं, आणि त्या वर्षांसाठी अर्जात रकानाच नव्हता. गुरुजींकडे लेटरहेड असण्याचा प्रश्नच नव्हता. त्यांनी नातवाकडून ते छापून घेतलं आणि मी कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत शिकले, तबल्याच्या कोणत्या रचना (कायदे, रेले, गती) झाल्या, कुणाकुणाला साथ केली हे दोन पानांत लिहून खाली सही केली. सोबत जुन्या कार्यक्रमपत्रिका आणि वर्तमानपत्रांतली कात्रणं लावली. आईनं ती एका ट्रंकेत जपून ठेवली होती म्हणून निभावलं. तुम्ही आजपासूनच प्रत्येक कार्यक्रमाची पत्रिका, मानधनाची पावती आणि आयोजकाचा ईमेल जपून ठेवा. परवाना ठरवणाऱ्या माणसानं तुमचं वादन ऐकलेलं नसतं. त्याच्यासमोर फक्त ही फाईल असते.

परवाना मिळाल्यावर लगेच करायचं काम म्हणजे क्युन्स्टलरसोत्सियालकासं, अर्थात कलाकारांच्या सामाजिक विम्याची संस्था. 1983 पासून ती सुरू आहे आणि विल्हेल्म्सहाफेनहून चालते. आरोग्य, शुश्रूषा आणि पेन्शन या तिन्ही विम्यांचा निम्मा हप्ता कलाकारानं भरायचा. एकूण हप्त्याचे 20 टक्के सरकार देतं आणि उरलेले 30 टक्के कलाकारांकडून काम करून घेणाऱ्यांवरच्या आकारणीतून येतात. कलेतून वर्षाला किमान 3,900 युरो मिळाले पाहिजेत, पण नव्यानं सुरुवात करणाऱ्यांना पहिली तीन वर्षं त्यातून सूट असते. मला सर्वांत महत्त्वाचं वाटलं ते कायद्यातलं कलाकाराचं वर्णन: संगीत निर्माण करणारा, सादर करणारा किंवा शिकवणारा. आपल्याकडे शिकवण्या घेणाऱ्या वादकाकडे 'मैफिली मिळत नाहीत म्हणून क्लास घेतो' अशा नजरेनं पाहतात. इथे शिकवण्यांचं उत्पन्न कलेचंच उत्पन्न धरलं जातं. मला हे फार मोलाचं वाटतं.

अमेरिकेचं प्रकरण वेगळं. तिथे कलाकाराला स्वतःसाठी अर्ज करता येत नाही. तिथल्या आयोजकानं किंवा एजंटनं आय-129 अर्ज भरायचा, सोबत करार, दौऱ्याचं वेळापत्रक, जाणकारांची पत्रं आणि कलाकार संघटनेचं मत जोडायचं. पी-3 हा व्हिसाचा वर्ग 'सांस्कृतिकदृष्ट्या वैशिष्ट्यपूर्ण' कलेसाठी आहे. एकल तबला असता तर सोपं गेलं असतं. पण आमच्या त्रिकुटात सीरियाहून आलेला, ऊद हे अरबी तंतुवाद्य वाजवणारा वादक आणि पोलंडचा बासवादक. ही नेमकी कुठली संस्कृती?

वकीलबाईंनी 2012 चा एक निर्णय काढून दाखवला. अर्जेंटिनाच्या एका क्लेझ्मर (पूर्व युरोपातल्या ज्यूंचं लोकसंगीत) वाद्यवृंदाचा अर्ज लॉस एंजेलिसच्या स्कर्बॉल सांस्कृतिक केंद्रानं केला होता आणि मिश्र परंपराही वैशिष्ट्यपूर्ण असू शकते, असं त्यात मान्य झालं. मात्र तसं सिद्ध करावं लागतं. मग आम्ही तिघं बसलो. आपला झपताल दहा मात्रांचा, विभाग 2-3-2-3. समाई थकील हा अरबी तालही दहाचाच, पण त्याची मोडणी 3-2-2-3. आमची मुख्य रचना याच फरकावर उभी आहे: सम, म्हणजे पहिली मात्रा, दोघांची एकत्र येते, पण दुसरा विभाग एकाचा तिसऱ्या मात्रेवर सुरू होतो, दुसऱ्याचा चौथ्या. एका संगीत अभ्यासकानं हे मात्रा मांडून, ध्वनिमुद्रणातल्या मिनिट-सेकंदांसह पत्रात लिहिलं. अर्ज मंजूर झाला. परंपरा म्हणजे तिला कुणाचा हात लागता कामा नये, असं मी कधीच मानलं नव्हतं, आणि ते सरकारी कागदावर उतरल्याचा मला मनापासून आनंद झाला.

वाद्याचे कागद वेगळे. माझ्या तबल्याचं खोड शिसवी आहे. 2 जानेवारी 2017 पासून शिसवाच्या जवळपास सगळ्या जाती साइटिसच्या, म्हणजे दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत आल्या. 26 नोव्हेंबर 2019 पासून तयार वाद्यांना सूट मिळाली, तरी लाकूड कोणतं आणि तबला कधी बनवला याचं कारागिराचं पत्र मी पेटीत ठेवतेच. ऑस्ट्रेलियाला जाणार असाल तर पुडीचं कातडं विमानतळावर जाहीर करा, लपवू नका. आणि ब्रिटनच्या थोड्या दिवसांच्या मानधनी कार्यक्रमासाठी आमंत्रण आधी हातात हवं, पोहोचल्यावर काम शोधता येत नाही.

आता मी जर्मनीत कायमच्या वास्तव्याचा अर्ज भरते आहे. त्यासाठी पेन्शनचे 60 महिन्यांचे हप्ते दाखवावे लागतात, आणि ते कलाकार-विम्यातूनच भरले गेले आहेत. जर्मनीत येणाऱ्या प्रत्येक वादकाला मी परवान्यानंतर पहिलं पाकीट विल्हेल्म्सहाफेनला पाठवायला सांगते ते म्हणूनच.