ऑकलंडमध्ये घरचा कचरा कुठे जातो

पुण्यातील नातेवाईक आणि मित्रमंडळी न्यूझीलंडच्या स्वच्छतेविषयी विचारतात, तेव्हा इथल्या लोकांना स्वच्छतेची उपजतच आवड असते आणि म्हणून रस्ते स्वच्छ राहतात, असे त्यांनी मनाशी धरलेले असते. मला ते पटत नाही. माणसे सगळीकडे सारखीच असतात. फरक व्यवस्थेत असतो. कोणती वस्तू कोणत्या डब्यात जाईल, तो डबा कोणत्या वारी रस्त्याच्या कडेला ठेवायचा, चुकीची वस्तू टाकली तर काय होते आणि या साऱ्याचे पैसे कोण भरतो, हे ऑकलंडमध्ये नेमके ठरलेले आहे. ते इथे सविस्तर सांगतो, कारण पुण्यानेही स्वतःची एक व्यवस्था उभी केली आहे आणि तिचे मोल मला इथे राहू लागल्यावर अधिक कळले आहे.

इथल्या स्वतंत्र घरांना साधारणपणे तीन डबे मिळतात. लाल झाकणाचा डबा उरलेल्या कचऱ्यासाठी असतो आणि तो दर आठवड्याला उचलला जातो. पिवळ्या झाकणाचा मोठा, २४० लिटरचा डबा पुनर्वापरासाठी जाणाऱ्या वस्तूंचा असतो. त्याची गाडी पंधरवड्यातून एकदा येते. तिसरा डबा लहान, २३ लिटरचा आणि हिरवा असतो. तो फक्त अन्नाच्या कचऱ्यासाठी आहे आणि दर आठवड्याला रिकामा होतो. त्याच्या जोडीला स्वयंपाकघरात ओट्यावर किंवा सिंकखाली ठेवण्यासाठी सात लिटरचा एक छोटा डबा दिलेला असतो. ठरलेल्या दिवशी सकाळी सात वाजण्यापूर्वी डबे घराबाहेर, गवताच्या पट्ट्यावर किंवा पदपथाच्या कडेला ठेवायचे. मोठ्या डब्यांमध्ये थोडे अंतर सोडावे लागते आणि झाकण पूर्ण बंद असावे लागते, कारण गाडीच्या बाजूने एक यांत्रिक हात बाहेर येतो, डब्याला कवेत घेतो, उचलून गाडीत उपडा करतो आणि पुन्हा जागेवर ठेवतो.

आई इथे राहायला आली होती, तेव्हा हा प्रकार तिने खिडकीत उभे राहून पाहिला. गाडी पुढे गेल्यावर तिने विचारले, “अरे, तो माणूस खाली उतरलाच नाही. मग डब्यात काय आहे, ते त्याला कळतं कसं?”

हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. त्याला ते कळत नाही. डबा उपडा होईपर्यंत आतला माल कोणी हाताळत नाही. वर्गीकरणाचे जवळजवळ सगळे ओझे म्हणूनच घरातल्या माणसावर येते आणि नियम इतके काटेकोर करावे लागतात. नगर परिषदेचे कर्मचारी अधूनमधून गाडीच्या आधी येऊन पिवळ्या झाकणाखाली डोकावून जातात. आत लहान मुलांचे डायपर, कपडे किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला माल दिसला, तर डब्यावर सूचनेचा कागद लावला जातो आणि डबा न उचलता तसाच सोडला जातो.

पिवळ्या डब्याचे नियम पूर्वी प्रत्येक शहरात वेगळे होते. १ फेब्रुवारी २०२४ पासून ते देशभर एकसारखे झाले. कागद, पुठ्ठा, काचेच्या बाटल्या आणि बरण्या, पत्र्याचे आणि अॅल्युमिनियमचे डबे, तसेच प्लॅस्टिकमध्ये केवळ १, २ आणि ५ हे क्रमांक असलेल्या बाटल्या व डबे चालतात. हा क्रमांक डब्याच्या तळाशी त्रिकोणात उमटवलेला असतो. दुधाचा कॅन बहुतेक २ क्रमांकाचा असतो, दह्याचा डबा ५ क्रमांकाचा. बाकीचे क्रमांक वगळण्यामागे कारण आहे. २०१८ च्या आरंभी चीनने परदेशांतून येणारा मिश्र प्लॅस्टिकचा कचरा घेणे बंद केले आणि तोवर जहाजात भरून पाठवून दिले की काम झाले, असे मानणाऱ्या देशांना आपल्या कचऱ्याचे खरेच काय होते, हे पाहावे लागले. ज्या प्लॅस्टिकला घेणारा आहे तेच गोळा करायचे, हा निर्णय त्यातून आला. झाकणे काढून लाल डब्यात टाकायची, कारण ५० मिलिमीटरपेक्षा लहान वस्तू वर्गीकरणाच्या यंत्रात चाळणीतून खाली पडतात आणि काचेच्या चुऱ्यात मिसळतात. दुधाचे किंवा फळांच्या रसाचे पुठ्ठ्याचे खोके चालत नाहीत, कारण त्यात कागद, प्लॅस्टिक आणि कधी कधी धातूचे पातळ थर एकमेकांना चिकटलेले असतात. बॅटरी तर कोणत्याच डब्यात टाकायची नाही. दाबली गेली की ती पेट घेते आणि कचऱ्याच्या गाड्यांना आगी लागतात.

हा माल ओनेहंगा भागातील वर्गीकरण केंद्रात जातो. तिथे फिरत्या चकत्या कागद आणि पुठ्ठा वेगळा करतात, चुंबक लोखंडी डबे ओढून घेतो आणि प्रकाशाच्या साहाय्याने यंत्र प्लॅस्टिकचा प्रकार ओळखते. पण यंत्रे कितीही असली तरी पट्ट्याच्या कडेला माणसे उभी असतातच. नको ते हाताने बाजूला काढणे, हे काम इथेही माणसांनाच करावे लागते, फक्त ते आपल्या दारात दिसत नाही.

मला सर्वांत जास्त रस वाटतो तो हिरव्या डब्यात. ऑकलंडच्या घरगुती कचऱ्यात अन्नाचा वाटा सुमारे ४५ टक्के असल्याचे परिषदेच्या पाहणीत आढळले होते, म्हणजे जमिनीत पुरण्यासाठी नेल्या जाणाऱ्या कचऱ्याचा जवळजवळ अर्धा भाग हा खरकटे, साली आणि देठ यांचा होता. पापाकुरा भागात २०१८ मध्ये सुरू झालेली ही सेवा २०२३ मध्ये टप्प्याटप्प्याने सगळ्या शहरी भागात पोहोचली. आपल्या स्वयंपाकघरात भाजी निवडणे रोजचे असते, त्यामुळे मराठी घराचा हिरवा डबा शेजाऱ्यांच्या डब्यापेक्षा लवकर भरतो. मेथीचे देठ, कोथिंबिरीच्या काड्या, शेवग्याच्या शेंगांचा चोथा, आंब्याच्या साली, चहाचा चोथा, शिळी पोळी, उरलेला भात, माशांचे काटे आणि मटणाची हाडे हे सगळे त्यात चालते. बागेतला पालापाचोळा मात्र चालत नाही आणि ‘कुजणारे’ असे लिहिलेले कप किंवा वाडगेही चालत नाहीत. देवपूजेची फुले आम्ही अंगणातल्या झाडाच्या बुंध्याशी मातीत जिरवतो.

पहिले काही आठवडे लोकांची मुख्य तक्रार वासाची होती. त्यावरचा उपाय साधा आहे. आतल्या डब्याच्या तळाशी वर्तमानपत्राची घडी घालायची, पातळ आमटी किंवा ताक ओतायचे नाही, मासळीचे अवशेष कागदात गुंडाळून गाडीच्या आदल्या दिवसापर्यंत शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवायचे आणि डबा रिकामा झाला की पाण्याने धुऊन उन्हात उपडा घालायचा. बाहेरच्या डब्याची कडी पुढे ओढली की झाकण घट्ट बसते, त्यामुळे मांजर किंवा उंदीर आत शिरत नाही. आमच्या घरात हिरवा डबा आल्यावर लाल डब्याला वासच उरला नाही. वास कचऱ्याला नसतो, मिसळलेल्या ओल्या कचऱ्याला असतो, हे तेव्हा पुरते ध्यानात आले.

हे सगळे अन्न रोटोरुआ आणि टाउपो यांच्या मधल्या रेपोरोआ या गावाजवळच्या प्रकल्पात जाते. ऑकलंडपासून हे अंतर सुमारे २५० किलोमीटर आहे, म्हणजे पुण्याहून कोल्हापूर ओलांडून पुढे जाण्याइतके. इतक्या लांब कचरा नेण्यावर इथे टीका झाली आणि तो प्रश्न रास्तच होता. प्रकल्पात बंद टाक्यांमध्ये, हवेचा संपर्क न होऊ देता, जिवाणूंकरवी अन्न कुजवले जाते. त्यातून निघणाऱ्या वायूपासून ऊर्जा मिळते आणि उरलेल्या रबडीचे द्रवरूप खत शेतांत वापरले जाते. शेजारीच टोमॅटोची मोठी काचगृहे आहेत. प्रकल्पातली उष्णता आणि कार्बन डायऑक्साइड त्या रोपांसाठी उपयोगी पडतो. या प्रकल्पाची क्षमता वर्षाला ७५,००० टन आहे. हेच अन्न जमिनीत पुरले असते, तरी तेही हवेविना कुजून मिथेन वायू सोडतच राहिले असते. आधुनिक भरावभूमीत नळ्या टाकून तो वायू गोळा करतात, पण सगळा हाती लागत नाही आणि त्यातले पोषक द्रव्य तर मातीला कधीच परत मिळत नाही. अंतराचा आक्षेप मान्य करूनही मला हा मार्ग योग्य वाटतो, तो या कारणासाठी.

पैशांचे म्हणाल, तर फुकट काहीच नाही. अन्नकचऱ्याची सेवा सुरू झाली, तेव्हा तिच्यासाठी वर्षाला सुमारे ७७ डॉलर घरपट्टीत वाढले आणि अनेकांनी नाराजी दाखवली. शहराच्या काही भागांत पूर्वी लाल डबा उचलला जाण्यासाठी दुकानातून टॅग विकत घेऊन त्यावर लावावा लागे. २०२४ पासून हळूहळू तोही खर्च घरपट्टीत धरला जाऊ लागला. जमिनीत पुरल्या जाणाऱ्या प्रत्येक टनावर सरकार अधिभार घेते. तो २०२१ पर्यंत १० डॉलर होता आणि वाढत वाढत जुलै २०२४ मध्ये ६० डॉलर झाला. कचरा पुरणे महाग केल्याशिवाय तो वेगळा करण्याचा खर्च कोणाला परवडत नाही, हे त्यामागचे गणित आहे.

आता पुण्याविषयी. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ मध्ये उभी राहिली आणि तिच्या पुढाकाराने कचरावेचकांची स्वतःच्या मालकीची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था झाली. २००८ मध्ये पुणे महानगरपालिकेशी तिचा करार झाला. तेव्हापासून हजारो महिला आणि पुरुष दारोदार जाऊन ओला आणि सुका कचरा घेतात. त्यांचे उत्पन्न दोन वाटांनी येते : घरटी मिळणारे मासिक शुल्क आणि सुक्या कचऱ्यातून निघणाऱ्या भंगाराची विक्री. ऑकलंडमध्ये मी दह्याचा डबा खरकटाच टाकला, तर नुकसान सगळ्या शहरात वाटले जाते. पुण्यात मी दुधाची पिशवी न धुता ओल्या कचऱ्यात टाकली, तर त्याच सकाळी एका बाईच्या हातचे पैसे जातात आणि ती पिशवी शोधण्यासाठी तिला उकिरड्यात हात घालावा लागतो. आईच्या प्रश्नाचे दुसरे टोक मला इथे दिसते. डब्यात काय आहे, ते ऑकलंडच्या चालकाला कळत नाही. पुण्यातल्या ताईंना ते पुरेपूर कळते, कारण ते त्यांच्या बोटांना लागते.

म्हणून पुण्याने यंत्रांच्या गाड्या आणून दारावरची ही माणसे हटवावीत, असे कोणी म्हणाले की मला ते अजिबात मान्य होत नाही. ज्या मऊ प्लॅस्टिकला ऑकलंडच्या पिवळ्या डब्यात जागा नाही, ती दुधाची पिशवी पुण्यात भंगारात विकली जाते. माणसाचा हात जितके प्रकार ओळखतो, तितके इथले यंत्र ओळखत नाही. घ्यायचे आहे ते घरातले वळण. पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नये, कारण तो तुकडा कोणाच्याच हाती लागत नाही. पिशवी विसळून वाळवावी. सॅनिटरी पॅड आणि डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढून वेगळे द्यावेत, म्हणजे न उघडताच ते ओळखू येतात. २०१६ च्या घनकचरा नियमांनीही ओला, सुका आणि घातक असे वेगळे देणे कचरा करणाऱ्या प्रत्येकावर बंधनकारक केले होते. उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या ग्रामस्थांनी शहराचा मिश्र कचरा वर्षानुवर्षे सोसला आणि त्यासाठी आंदोलने केली. तो कचरा आपल्या स्वयंपाकघरांतच मिसळला गेला होता.

एका बाबतीत मात्र पुणे ऑकलंडच्या पुढे जाऊ शकते. इथली व्यवस्था स्वतंत्र घरे डोळ्यांसमोर ठेवून आखलेली आहे. मध्यवर्ती भागातल्या उंच इमारतींत प्रत्येक घराचा हिरवा डबा ठेवायला जागाच नसते आणि तिथे अन्नाचा कचरा वेगळा करणे अजून अवघड जाते. पुण्यातल्या सोसायटीत मात्र तळमजल्याला थोडी मोकळी जागा, एक माळी आणि खताची वाट पाहणारी झाडे बहुधा असतातच. गांडूळखताचा प्रकल्प चालवणाऱ्या सोसायट्यांना महापालिका मिळकतकरात पाच टक्के सवलत देते आणि सौरऊर्जा किंवा पर्जन्यजलसंचयाची जोड असेल तर ती दहा टक्क्यांपर्यंत जाते. आमच्या कर्वेनगरच्या इमारतीत असा खड्डा बांधलेला आहे, पण तो वापरात नाही. येत्या वार्षिक सभेत तो पुन्हा सुरू करण्याचा ठराव मांडावा, असे मी सचिवांना लिहिले आहे आणि त्यासोबत ओला कचरा दारातच वेगळा घेण्याचे वेळापत्रकही जोडले आहे.