शर्यत तर झाली ना?

"साहेब, तुमची शर्यत तर झाली ना? मग आता एवढ्या पहाटे कशाला उठता?" आज पावणेपाच वाजता फाटक उघडताना सोसायटीच्या वॉचमनकाकांनी विचारले आणि उत्तर न सुचल्यामुळे मी नुसताच हसलो.

दक्षिण आफ्रिकेहून परतून पाच आठवडे झाले. कॉम्रेड्स या तिथल्या लांब पल्ल्याच्या पळण्याच्या शर्यतीचे सुमारे ९० किलोमीटर अंतर मी ११ तास ३८ मिनिटांत पूर्ण केले. तिथे बरोबर १२ तासांनी शर्यत संपल्याचा बंदुकीचा बार होतो आणि बार काढणारा माणूस अंतिम रेषेकडे पाठ करून उभा असतो, त्यामुळे रेषेच्या दोन पावले अलीकडे कोण राहिले हे त्याला दिसतही नाही. वर्षभर मला अंथरुणातून उठवत होती ती या बाराची धास्ती, पळण्याची आवड नव्हे, हे कबूल करायला मला आजची पहाट उजाडावी लागली.

पदक मिळाले ते जेमतेम नाण्याएवढे. पहिल्या महायुद्धात पडलेल्या सोबत्यांच्या स्मरणार्थ १९२१ मध्ये ही शर्यत सुरू करणाऱ्या व्हिक क्लॅफम यांच्या नावाचे, ११ ते १२ तासांत पोहोचणाऱ्यांना देतात ते. सध्या ते खणात, जुन्या किल्ल्या आणि संपलेल्या सेलच्या शेजारी पडले आहे. (भिंतीवर टांगावे असे घरात कोणालाच वाटले नाही, मलाही नाही.)

आज घड्याळ चार्जरलाच राहिले होते. टेकडीपर्यंत गेलो, मध्ये चक्क चहाला थांबलो आणि परत आलो.

"किती झाले?" काकांनी विचारले.

"मोजले नाही," मी म्हणालो. उद्या घड्याळ घालावे की नाही, हे मात्र अजून ठरत नाही.