पंधरा वर्षांची गाडी, नऊ हजार रनिंग

२०२३च्या जानेवारीत मी जुनी युनिकॉर्न शोधायला लागलो. होंडाची मोटारसायकल, कार्ब्युरेटरवाली (इंजिनला पेट्रोल-हवा मिसळून देणारा जुना भाग), पाच गिअरची, मागे दोनाऐवजी एकच शॉक, म्हणजे मोनोशॉक असलेली. कॉलेजात मित्राच्या गाडीवर मागे बसून घाट चढलो होतो, तेव्हापासून तिने मनात घर केलं होतं. नवीन गाडी घेता आली असती, पण मला हीच हवी होती.

पहिली गाडी एका विक्रेत्याकडे पाहिली. मीटरवर १४ हजार, रंग आरशासारखा. पण फूटरेस्टचं रबर झिजून आतलं लोखंड उघडं पडलेलं. चौदा हजारांत एवढं झिजत नाही. विचारलं तर म्हणाला, "साहेब, गाडी बघा, मीटर काय बघता!" मी तिथूनच परतलो. त्या दिवसापासून मीटर शेवटी बघायचं ठरवलं. आधी फूटरेस्ट, हँडलच्या मुठी, किल्ली आणि टायर.

वाईतली गाडी एका ओळखीच्या माणसाने सांगितली. निवृत्त मुख्याध्यापक, सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. मार्च २००८ची गाडी, एमएच ११, पहिल्याच मालकाकडे. पडवीत जुन्या सतरंजीखाली उभी होती. खाली बसून मागचा टायर पुसला. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. इथे होतं ०५०८. म्हणजे कंपनीतून आलेला टायर अजून तसाच, आणि नक्षी निम्म्याहून जास्त शिल्लक. मग मीटर पाहिलं. ९,३८६. खरं होतं.

पण त्याच टायरला नखाने दाबलं तर दगड. कडेला केसासारख्या भेगा. गुरुजी म्हणाले, "गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि चार वर्षं हलली नाही बघ. त्याआधी तरी काय, बाजार आणि मेणवली." गाडी लावली की न चुकता पेट्रोलचा कॉक, म्हणजे टाकीखालची तोटी, बंद करायचे, हेही त्यांनी दोनदा सांगितलं. पंचवीस हजार म्हणत होते. मी टायर, बॅटरी, ऑइल सील यांचा खर्च कागदावर मांडून दाखवला. एकवीसला ठरलं.

कमी रनिंगच्या जुन्या गाडीला बहुतेक जण काही खर्च नाही असं धरून चालतात. तसं नसतं. उभ्या गाडीचं रबर आणि पेट्रोल खराब होतं. मेस्त्रींनी कार्ब्युरेटरची वाटी उघडली तेव्हा तळाशी तपकिरी, चिकट थर होता, वास वार्निशसारखा. पेट्रोल सोडणाऱ्या छोट्या जेटचं भोक पूर्ण बंद. बारीक तारेने ते मोकळं करायला त्यांना अर्धा तास लागला, आणि तेवढा वेळ त्यांनी कुणाचा फोन घेतला नाही. डिस्कचं ऑइल चहासारखं झालेलं. तिसऱ्या दिवशी पुढच्या शॉकअपमधून तेल गळायला लागलं, सील वाळले होते. दोन्ही टायर, ट्यूब, बॅटरी, सील, ऑइल मिळून साडेअकरा हजार गेले. इंजिनला मात्र हात लावावा लागला नाही.

कागदपत्रांत खरी दमछाक झाली. मार्चमध्ये पंधरा वर्षं भरत होती, त्यामुळे आधी गुरुजींच्या नावावर रिपासिंग, म्हणजे नोंदणीचं नूतनीकरण, मग माझ्या नावावर ट्रान्सफर. विमा आणि पीयूसी करून घेतले, ऑनलाइन अर्ज भरला, एक हजार फी आणि पाच वर्षांचा दोन हजार पर्यावरण कर भरला. गाडीच्या सांगाड्यावरच्या चेसिस नंबराचा ठसा घ्यायचा होता, पण त्यावर इतकी धूळ-ग्रीस होती की रॉकेलच्या फडक्याने पुसून कागद ठेवला आणि पेन्सिल घासली, तेव्हा एकेक आकडा उमटला. तपासणीला गाडी स्वतः घेऊन गेलो. एजंट याचे सात हजार मागत होता. मला दोन सुट्ट्या लागल्या.

नंतर अडलं ते बँकेपाशी. कर्ज २०११ला फिटलं होतं, पण आरसीवर, म्हणजे नोंदणीच्या कागदावर, बँकेचा बोजा तसाच. तो उतरल्याशिवाय गाडी माझ्या नावावर होईना. बँकेचं पत्र आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हवा, आणि ती शाखा दुसऱ्या शाखेत विलीन झालेली. सहा आठवडे खेटे घातले. तुम्ही जुनी गाडी बघायला जाल तेव्हा टायरच्याही आधी आरसीवर बँकेचं नाव आहे का ते बघा. बँकेचं पत्र हातात आलं, मग मालकी बदलाच्या २९ आणि ३० नंबरच्या टीटी फॉर्मवर गुरुजींनी सही केली, चष्मा पुसून, सावकाश.

आता मीटर १६ हजारांच्या पुढे आहे. रविवारी सकाळी चोक ओढून किक मारतो, मिनिटभर थांबतो, चोक आत. साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट गाडी तिसऱ्या गिअरवर एका लयीत चढते. रस्त्यातल्या खड्ड्यावर मागचा मोनोशॉक जो दबून वर येतो, ते सुख मला अजून नवं वाटतं. कासच्या वाटेवर धुकं असलं तर मी मुद्दाम सावकाश चालवतो.

गेल्या दिवाळीत फराळ घेऊन वाईला गेलो. गाडी अंगणात लावली. गुरुजी काठी टेकत बाहेर आले, सीटवरून हात फिरवला, टाकीला कान लावल्यासारखे वाकले. मी डबा घ्यायला वळलो तेवढ्यात त्यांनी हात खाली घालून पेट्रोलचा कॉक बंद केला.