थंडीतला खान्देश : भरीत, शेवभाजी आणि मेनूकार्डावर नव्याने आलेलं घरचं जेवण

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मी, बायको, आई आणि नववीतली मुलगी असे चौघं ठाण्याहून तीन दिवसांसाठी जळगावला गेलो, ते फक्त जेवायला. ऑफिसमधला माझा सहकारी जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यातला. दर हिवाळ्यात त्याच्या डब्यात भरीत असतं आणि त्यातलं निम्मं आम्हीच संपवतो. यंदा तो म्हणाला, "साहेब, डब्यातलं काय खाता, तिकडे जाऊन खा. आता तर फुणके, डुबुकवडे, मिरचीची भाजीसुद्धा हॉटेलात मिळायला लागलीय." हे पदार्थ आजवर फक्त त्याच्या तोंडून ऐकले होते. त्याच आठवड्यात तिकिटं काढली.

आधी वेळेचं सांगतो, कारण सगळं तिथेच ठरतं. भरितासाठी जायचं तर डिसेंबर ते फेब्रुवारी. चातुर्मासात वांगं न खाणारी घरं चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवतात आणि मग पुन्हा वांगं सुरू करतात. त्याच सुमारास कापसाची वेचणी आटपत आलेली असते, शेतात पऱ्हाट्या, म्हणजे कापसाच्या झाडांच्या वाळलेल्या काड्या, मुबलक असतात. वांगं आणि ते भाजायचं जळण दोन्ही एकाच वेळी हाताशी. उन्हाळ्यात जाऊन "भरीत काही खास लागलं नाही" म्हणणारे मला भेटलेत. त्यांना मी दोष देत नाही, पण तो भरिताचा हंगामच नव्हे.

रात्रीच्या गाडीने निघालो तर पहाटे जळगाव येतं. मुंबई–भुसावळ मुख्य मार्गावरचं स्टेशन असल्याने गाड्यांची कमतरता नाही. पुण्याहून येणाऱ्यांना महाराष्ट्र एक्सप्रेस आहे. पहाटे कडाक्याची थंडी होती. आईसाठी शाल आणली होती ती बरी झाली.

भरीत सेंटरवर आम्ही साडेअकराला पोचलो आणि ही वेळ उत्तम निघाली. पहिला घाणा तयार होत होता. मालकांना विचारलं, मागे जाऊन बघितलं तर चालेल का? "या की," म्हणाले. मागच्या अंगणात पऱ्हाट्यांचा जाळ पेटलेला. त्यावर फिकट हिरवी, पांढऱ्या रेघांची, तळहाताएवढी रुंद वांगी उलटीपालटी करत एक काका बसले होते. जाळ भडकतो आणि लवकर बसतो, म्हणून हात सारखा चालू. साल काळीठिक्कर झाली की वांगं बाजूच्या परातीत जातं. तिथे एक मुलगा पाण्यात बोटं बुडवून देठाकडून साल खाली ओढत होता, आणि साल अख्ख्या पट्टीने निघत होती. आतला गर जवळजवळ पांढरा, किंचित हिरवट झाक असलेला. त्याने एक वांगं देठाला धरून उचललं आणि मुलीला म्हणाला, "बी शोध ताई." गर धाग्याधाग्यांनी लोंबत होता, बी औषधालासुद्धा नाही. जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. ते कशासाठी, हे तिथे उभं राहून कळलं.

पुढे तो गर लाकडाच्या खोलगट भांड्यात मुसळाने ठेचतात. मिक्सरमधून काढत नाहीत, चमच्याने कुस्करतही नाहीत. ठेचल्याने त्याला एक चिवट मऊपणा येतो. कढईत तेल, त्यात आधी शेंगदाणे आणि सुक्या खोबऱ्याचे काप, मग हिरवी मिरची-लसणाचा ठेचा, मूठ-मूठ कांद्याची पात, आणि शेवटी गर. चार-पाच वेळा परतलं की उतरवलं. हळद नाही, टोमॅटो नाही, गरम मसाला नाही. धुराचा वास मात्र सगळ्यात वर तरंगत होता.

भरीत तिथे किलोवर घेतात. चौघांना अर्धा किलो भरीत आणि सोळा पुऱ्या भरपूर झाल्या. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी साध्या पुरीबरोबर कळण्याची पुरीही आवर्जून मागावी. कळणा म्हणजे ज्वारीत सालासकट अख्खे उडीद आणि मीठ घालून दळलेलं पीठ. आम्हाला प्रमाण चारास एक असं सांगितलं. पुरी काळपट, जाडसर, खमंग. आईचं माहेर सिंधुदुर्गातलं, ओल्या नारळाशिवाय तिचं पान हलत नाही. तिने तिसरी कळण्याची पुरी स्वतःहून मागून घेतली. साध्या पुरीपेक्षा हीच भरिताची खरी जोडीदारीण, असं माझं ठाम मत झालंय. ती गरम खायची, गार झाली की दातांना त्रास देते.

संध्याकाळी शेवभाजी. इथे आमची पहिली निवड चुकली. महामार्गावर गाड्यांची गर्दी बघून एका मोठ्या ढाब्यात शिरलो. शेवभाजी दोन मिनिटांत टेबलावर आली, तेव्हाच शंका यायला हवी होती. शेव रश्श्यात कधीची भिजून लगदा झाली होती आणि वर लाल तेलाचा जाड थर होता. मुलीने दोन घास खाऊन पान सारलं. मला वाईट याचं वाटलं की शेवभाजी म्हणजे हेच, असं तिच्या मनात बसलं असतं.

म्हणून दुसऱ्या दिवशी रात्री लॉजवरच्या दादांना विचारून गावातल्या एका छोट्या खानावळीत गेलो. सहा टेबलं, भिंतीवर फळा. तिथल्या काकांनी आधीच विचारलं, "शेव वरून टाकू का वेगळी देऊ?" हा प्रश्न विचारणारं ठिकाण चांगलं, ही खूणगाठ बांधून ठेवा. शेवभाजीची शेव जाड, ओवा घातलेली, घट्ट असते. ती वाढायच्या क्षणी रश्श्यात पडायला हवी, म्हणजे बाहेरून ओली आणि आत कुरकुरीत राहते. रस्सा कांदा आणि सुकं खोबरं काळपट होईपर्यंत भाजून वाटलेला, काळ्या मसाल्याचा. तिखट आहे, पण घशाला न लागता जिभेवर रेंगाळणारं तिखट. मुलीसाठी रस्सा वेगळ्या वाटीत घेतला, बरोबर दही घेतलं, आणि ती दोन ज्वारीच्या भाकऱ्या जेवली. लहान मुलं बरोबर असतील तर असंच करा. "कमी तिखट बनवा" म्हणून उपयोग होत नाही. वाटण एकच असतं, नुसतं पाणी वाढवून देतात.

आता ज्यासाठी मुख्यतः आलो होतो, ते. दुसऱ्या दिवशी दुपारी जळगावातच एका हॉटेलात गेलो. तिथल्या कार्डावर पनीर आणि तंदूरच्या खाली "खान्देशी" असं वेगळं पान नव्याने जोडलेलं होतं. शाईसुद्धा वेगळी होती. वाढणाऱ्या भाऊंना विचारलं, यातलं आज ताजं काय? ते आत जाऊन विचारून आले आणि तीन नावं सांगितली. आम्ही तिन्ही मागवली.

फुणके आधी आले. तुरीची डाळ भिजवून भरड वाटायची, त्यात हिरवी मिरची, लसूण, कोथिंबीर घालून मुटके वळायचे आणि वाफवायचे. ते फोडून वर कच्चं तेल घ्यायचं आणि गरम कढीबरोबर खायचं. कढी सुरेख होती, लसणाची फोडणी नाकात भरत होती. फुणके मात्र कोरडे पडले होते. घरी हे वाफेवरून थेट पानात येतात. हॉटेलात सकाळी करून ठेवलेले पुन्हा गरम करून आले. चव होती, जीव नव्हता. तुम्ही जाल तेव्हा बारा-साडेबाराच्या आत मागवा, दीडनंतर नको.

डुबुकवडे त्याच्या अगदी उलट. उकळत्या काळ्या रश्श्यात बेसनाचं पीठ हाताने थेट सोडायचं, पडताना डुबुक आवाज होतो, त्यावरून नाव. मागणी आल्यावरच करावे लागतात, नाहीतर फुगून विरघळतात. त्यामुळे वीस मिनिटं थांबावं लागलं आणि ती वीस मिनिटं सार्थकी लागली. वडा मऊ, मध्यभागी जरासा घट्ट, आणि रस्सा पिऊन जड झालेला. तळलेलं काही नसल्याने आईलाही पचला. नव्या पानावरचा सगळ्यात यशस्वी पदार्थ हाच. हॉटेलच्या रीतीला तो आपसूक बसतो.

हिरव्या मिरचीची भाजी म्हटल्यावर बायको घाबरली होती. ही फोडी करून परतलेली भाजी नव्हे. मिरच्या, तुरीची डाळ, वांगं, आंबट चुका, शेंगदाणे एकत्र शिजवून घोटलेली, घट्ट आणि हिरवीगार. डाळ आणि चुक्याने मिरचीचा तोरा उतरतो. कळण्याच्या भाकरीवर घेऊन वर तेलाची धार, बाजूला कांदा आणि मुळा. मी दोनदा घेतली. लग्नाकार्यात आणि शेतातल्या पंगतीत मोठ्या भांड्यात होते तेव्हाची चव याहून सरस असते, असं भाऊंनी स्वतःच सांगितलं. असा प्रामाणिक माणूस भेटला की त्या ठिकाणाबद्दल विश्वास वाटतो. वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी कार्डावर होती, पण "ती रविवारी, आणि आदल्या दिवशी सांगितलं तर" म्हणाले. आमचा रविवार प्रवासात जाणार होता, ती राहिली. तुम्ही शनिवार-रविवार धरून जा आणि शनिवारी सकाळीच फोन करा.

त्याच संध्याकाळी गाडी करून भुसावळवरून फैजपूर–सावद्याकडे चक्कर मारली. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा. रस्त्याकडेच्या कढयांत कच्च्या केळ्याचे काप थेट किसणीवरून तेलात पडतात. गरम वेफर्स कागदात घेऊन तिथेच खा, पाकिटातल्यांची आठवणसुद्धा येणार नाही. फैजपुरात 1936 साली काँग्रेसचं अधिवेशन भरलं होतं, खेड्यात भरलेलं पहिलंच. मुलीच्या इतिहासात हे नुकतंच आलं होतं, त्यामुळे वेफर्स खात तिने आम्हाला तो धडा ऐकवला.

तिसरा दिवस अमळनेरचा. जळगावहून धरणगावमार्गे साधारण 60 किलोमीटर. तिकडे अहिराणी, म्हणजे खान्देशची बोली, कानावर पडायला लागते. चहाच्या टपरीवर "काय जोयजे भाऊ?", म्हणजे काय हवं, असं विचारलं आणि आई एकदम हसली, तिला ती भाषा फार गोड वाटली. इथे आलो ते खापरावरच्या मांड्यांसाठी. हे कार्डावरून मागवायचं काम नाही. सहकाऱ्याच्या ओळखीने मांडे करून देणाऱ्या एका मावशींना तीन दिवस आधी सांगून ठेवलं होतं, किती माणसं आणि किती वाजता, एवढं नेमकं.

चुलीवर मातीचं खापर पालथं घातलेलं, दोन हात लांबूनही आच लागत होती. मावशींनी पुरण भरलेला गोळा लाटला, उचलून तळहातांवर घेतला, आणि दोन्ही हात एकमेकांभोवती फिरवायला सुरुवात केली. प्रत्येक फेरीला पोळी मोठी होत गेली. आधी मनगटापर्यंत, मग कोपराच्या अलीकडे, आणि इतकी पातळ की आतलं पुरण वरून पिवळं दिसायला लागलं. शेवटी झोकदार हाताने ती खापरावर टाकली, एकही सुरकुती न पडता. मुलीने श्वास रोखून धरला होता. "कधीपासून करता मावशी?" तर म्हणाल्या, "लगीन व्हयनं तवयपासून." लग्न झालं तेव्हापासून.

मांडा घडी घालून दूध-तुपाबरोबर वाढला, शेजारी झणझणीत आमटी. एक खाऊन पोट भरतं, दुसरा मागू नका, वाया जाईल. उन्हाळ्यात हाच आमरसाबरोबर खातात. मांड्यांसाठीच जायचं असेल तर मे महिना धरावा असं मावशींचं म्हणणं, पण मग भरिताला मुकाल. पैसे आधी ठरवा आणि करणाऱ्याच्या हातात द्या. चुलीपाशी दोन तास बसायचं काम आहे, घासाघीस करू नका.

अजिंठा जळगावहून साधारण 60 किलोमीटरवर आहे. जोडून करायचं असेल तर सोमवार टाळा, त्या दिवशी लेणी बंद असतात. आणि त्या दिवशी दुपारचं जेवण हलकं ठेवा, चढ-उतार खूप आहे.

परतताना ज्वारीचे बिबडे, म्हणजे पापड, दोन किलो कळण्याचं पीठ आणि सहा वांगी घेतली. वांगी देठाशी हिरवी आणि हाताला हलकी लागणारी निवडा, जड असेल तर आत बी असतं. तयार भरीत आणायचं असेल तर कांद्याची पात न घालता बांधून मागा. पातीने ते प्रवासात आंबतं. आम्ही पात वेगळी आणली, घरी आल्यावर तेलात परतली, आणि रात्री दहा वाजता शेजारच्या काकूंना बोलावून भरीत-पुरी जेवलो.