तुम्ही विचारलंत म्हणून: लेकीला जुनी होंडा ब्रिओ का?

हळदीकुंकवाला विचारलंत, लिफ्टमध्ये विचारलंत, भाऊजींनी तर साखरपुड्याच्या पंगतीत वरणभात कालवता कालवता विचारलं. "एकुलती एक मुलगी, नोकरीला लागलेली, आणि तिला सात वर्षांची जुनी गाडी? तीही कंपनीने बंद केलेली? हप्त्यावर नवी आली असती की!" दर वेळी "बजेट नव्हतं" एवढंच म्हणून मी विषय संपवला. ते अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं आज सांगते, कारण प्रश्न विचारणाऱ्यांच्या तोंडावर मला "हिने लेकीच्या बाबतीत काटकसर केली" असं दिसतं, आणि ते मला सहन होत नाही.

आधी पैशांचं बोलू. हाताशी चार लाख होते, तिचे दीड आणि आमचे अडीच. एवढ्यात शोरूमची सगळ्यात लहान गाडी जेमतेम बसते. त्यावर महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रोड टॅक्स, वर विमा, म्हणजे कर्ज आलंच. कर्ज काढायला मी भीत नाही. पण नव्या गाडीला पहिला ओरखडा पडला की घरात सुतक येतं, हे मी माहेरी पाहिलंय. नवशिक्या हाताला ओरखडे पडणारच. आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमधल्या खांबांवर सगळ्या घरांच्या गाड्यांचे रंग लागलेले आहेत.

आणि मुळात गाडी कशाला, लोकल आहे ना, असं विचारणाऱ्यांना: ती तुर्भ्याला लॅबमध्ये आहे आणि सेकंड शिफ्ट साडेदहाला सुटते. मुलुंडला यायचं तर लोकलने ठाण्याला जाऊन बदलायचं. ऐरोलीच्या पुलावरून गाडीने मोकळ्या रस्त्याला अर्ध्या तासात घरी.

आता मजा. "तरुण पोरीला मजेची गाडी कशाला, साधी ऑटोमॅटिक घ्यायची" असं म्हणणाऱ्यांत पूर्वी मीही होते. माझ्या मते गाडी म्हणजे छप्पर असलेली स्कूटर. पाऊस लागू नये, एसी चालावा, संपलं. लेक म्हणायची, "आई, जी गाडी चालवताना कंटाळा येतो, तिच्यात माणूस मोबाईल बघतो." मला ते पोरकट वाटायचं. आज मी तिच्या बाजूला झाले आहे, निदान बरीचशी. तिचं म्हणणं असं की मजा चाळिसाच्या वेगात मिळाली पाहिजे. हलकी गाडी, हातात बोलणारं स्टिअरिंग, खट्कन पडणारा गियर, फिरायला आवडणारं इंजिन. ज्या गाडीची मजा एकशेवीसलाच सुरू होते ती विशीतल्या पोरांच्या हाती देऊ नये. मुंबईत एकशेवीसला जागा नाही, आणि पहाटे तीन वाजता जिथे असते तिथे तर पोरांनी मुळीच जाऊ नये.

म्हणून आम्ही मजेच्या लहान गाड्याच बघत होतो. स्विफ्ट पहिली, पण आमच्या पैशांत मिळणाऱ्या बहुतेक स्विफ्ट आधीच कुणा हौशी मुलाने स्प्रिंगा कापून खाली बसवलेल्या. फोर्डची फिगो तिला फार आवडली, स्टिअरिंगसाठी. फोर्डने २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं म्हणून मी अडून बसले. आणि मग फोक्सवॅगनची पोलो.

पोलो घ्यायचं माझंच टुमणं होतं, हे लिहायला जड जातंय. जानेवारी २०१४ मध्ये भारतीय गाड्यांच्या क्रॅश टेस्टचे निकाल आले होते. एअरबॅग नसलेल्या पोलोला शून्य तारे आणि दोन एअरबॅगवाल्या पोलोला चार. तो चाराचा आकडा माझ्या डोक्यात पक्का बसला होता. एप्रिल २०२२ मध्ये मुंबईच्या हद्दीबाहेरच्या एका यार्डात लाल पोलो मिळाली, २०१४ची, दोन एअरबॅग, साडेतीन लाख. चकचकीत. आत लॅव्हेंडरचा वास, पायाखाली नवी कोरी मॅट.

लेकीने पुढच्या दिव्यापाशी वाकून पाहिलं. काचेच्या आत खालच्या बाजूला एक आडवी मळकट रेघ होती, पेन्सिलीने ओढल्यासारखी. "आई, एकदा आपल्या मेकॅनिककडे लिफ्टवर चढवून बघू ना." यार्डवाला म्हणाला, संध्याकाळी दुसरी पार्टी टोकन द्यायला येतेय. आणि मी म्हटलं, "अगं, अठरा वर्षं गाडी चालवतेय मी. मला कळत नाही का?"

अठरा वर्षं गाडी चालवणं आणि गाडी ओळखता येणं यांचा काही संबंध नाही. हे मला माहीत नव्हतं असंही नाही. मला घाई झाली होती. मैत्रिणीच्या मुलाचा बाईकवरून पडून पाय मोडला होता, आणि लेक "मग बाईकच घेते" म्हणत होती. चार तारे समोर उभे होते.

विम्याची पॉलिसीही मी पाहिली होती. नो क्लेम बोनसच्या, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल मिळणाऱ्या सवलतीच्या, रकान्यात शून्य होतं. आठ वर्षं जुन्या गाडीला बोनस शून्य का, एवढं एक विचारलं असतं तरी पुष्कळ होतं. आदल्या वर्षी कुणीतरी क्लेम घेतला असेल, हे त्या शून्यातून कळायला हवं होतं.

जूनमध्ये पाऊस लागला आणि लॅव्हेंडरखालून ओल्या गोणपाटाचा वास यायला लागला. मी डांबराच्या गोळ्या ठेवल्या. जुलैत एका रात्री पावणेअकराला फोन आला. "आई, गाडी बंद पडली. पुलावर. सगळंच बंद पडलं."

सगळंच म्हणजे सगळंच. आधी मीटरचे दिवे लुकलुकले, मग इंजिन गेलं, स्टिअरिंग दगडासारखं जड झालं, ब्रेक पाय देऊन दाबावा लागला. पार्किंग लाईटसुद्धा लागेना. धो धो पाऊस, काळोखात बिनदिव्यांची गाडी उभी, आणि मागून ऐरोलीकडून ट्रक येतायत. मी तिला खाली उतर, कठड्याला चिकटून उभी राहा, असं ओरडत होते. ती म्हणाली, "उतरलेय. मोबाईलचा टॉर्च दाखवतेय."

हे नाईटला होते. रिक्षावाला म्हणाला, पुलापलीकडचं भाडं नाही घेणार. शेजारच्या काकांनी ॲक्टिव्हा काढली. आम्ही मुलुंडकडून पुलावर चढलो आणि मध्यावर ती दिसली, दुभाजकाच्या पलीकडे. ओढणी हातात धरून टॉर्च वरखाली करत होती. मी हाक मारली, पावसात तिला ऐकू गेली नाही. आणि आम्हाला थांबता येईना. ऐरोलीच्या टोकाला जाऊन वळून यायचं होतं. माझी मुलगी मागे पडत गेली आणि मी स्कूटरवर बसून तिच्यापासून लांब जात होते. ती दोन-तीन मिनिटं मला आजही झोपेत येतात. तुम्ही "नवी का नाही घेतली" विचारता तेव्हा मला आधी ती आठवतात.

परत आलो तेव्हा तिच्या गाडीमागे वीसेक फुटांवर भाजीचा टेम्पो उभा होता, इंडिकेटर चालू. टेम्पोवाल्याने त्याच्याही मागे रिकामे क्रेट रस्त्यावर तिरक्या ओळीत मांडले होते आणि स्वतः गोणपाट डोक्यावर घेऊन हात दाखवत ट्रक उजवीकडून काढत होता. टोइंगवाला येईपर्यंत तो हलला नाही. त्याचं नाव विचारायचं मला सुचलं नाही. कुणाला कधी भेटला तर त्याला सांगा, त्या मुलीच्या आईने हे लिहिलंय.

मेकॅनिकने दुसऱ्या दिवशी सीट काढल्या, गालिचा उचलला. खाली गाळ. वाळलेला, भेगा पडलेला, खाडीकाठी ओहोटीला दिसतो तसा. वायरींच्या जोडांवर हिरवा कळंक. पुढचा सीटबेल्ट त्याने शेवटपर्यंत ओढला. नेहमी बाहेर असतो तेवढा पट्टा काळा स्वच्छ, आणि शेवटची वीतभर पट्टी मातकट. "वहिनी, ही पाण्यात गेलेली गाडी आहे. सीटच्याही वरपर्यंत पाणी होतं." कुठल्या पुरातली, ते त्यालाही सांगता येईना. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. त्यानंतर कलिन्यातल्या आमच्या नातेवाइकांकडे गाड्यांतून बादल्यांनी काढलेला चिखल मी या डोळ्यांनी पाहिलाय. पाण्यातल्या गाड्या धुऊन-पुसून कुठेतरी विकल्या जातात हे मुंबईत राहून मला ठाऊक नव्हतं, असं मी म्हणूच शकत नाही. यार्डवाल्याने "घेताना बघून घेतलीत ना" म्हणून हात वर केले.

त्यानंतर पाच महिने लेकीने स्टिअरिंगला हात लावला नाही. मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. घरची वॅगन-आर काढायला सांगितली की म्हणायची, "तूच चालव, तुला कळतं." ती हे टोचून बोलत नव्हती. तिला खरंच वाटायला लागलं होतं की आपल्याला कळत नाही. दिव्यातली रेघ बघणारी तीच होती.

ब्रिओ तिने शोधली. डिसेंबरमध्ये एक दिवस स्वतःच म्हणाली, दादरला एका आजी-आजोबांची आहे, पहिलेच मालक, २०१५ची, एकेचाळीस हजार किलोमीटर, वरचं मॉडेल म्हणून दोन एअरबॅग आणि एबीएस. मी बरोबर गेले आणि ठरवून गप्प राहिले. तिने टॉर्च घेतला, चटई टाकून गाडीखाली झोपली. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढले, पाचही. डिकीतलं स्टेपनीचं झाकण उचलून खालच्या खोलगट पत्र्यावरून बोट फिरवलं. टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचले. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. दोन टायर गाडीच्याच वयाचे निघाले, त्याचे पैसे किमतीतून कमी करून घेतले. पॉलिसीवरचा बोनस पाहिला. तो मालकाचा असतो, गाडीबरोबर आपल्याला मिळत नाही, पण तो भरपूर असला की गेली काही वर्षं क्लेम झालेला नाही एवढं कळतं. सर्व्हिसची बिलं, ई-चलन, कर्जाचा बोजा उतरलाय का, सगळं. आजोबांनी गाडी नावावर करून देण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करण्याआधी आम्ही ती लिफ्टवर चढवलीच. दोन लाख ऐंशी हजार. पन्नास हजार दुरुस्तीला वेगळे ठेवले, त्यातले बत्तीस पहिल्या तीन महिन्यांत गेले. बॅटरी, दोन टायर, पुढचे बुश, सगळी ऑइलं.

मग मुलुंड कॉलनीच्या चढाला नेली. चढावर मुद्दाम थांबली, हँडब्रेक ओढला, हाफ क्लचवर गाडीचं नाक किंचित उचललं तसा हँडब्रेक सोडला. गाडी मागे बोटभरही आली नाही. बारक्या गाडीत ८८ हॉर्सपॉवरचं इंजिन, सेकंडला टाकलं की गुरगुरत वर जातं. वळणावर तिने मान न वळवता मला म्हटलं, "बघितलंस? पस्तीसच आहे." आणि हसली. जुलैनंतर गाडीत पहिल्यांदा.

म्हणून ब्रिओ. मागचा अख्खा दरवाजा काचेचा आहे, डिकीत दोन पिशव्या मावतात, हायवेला टायरचा आवाज येतो, सगळं कबूल. आणि तुमच्यातल्या काहींचं एक म्हणणं माझ्या गळ्यात अडकतं. नव्या गाडीत सुरक्षेच्या ज्या गोष्टी येतात त्या हिच्यात नाहीत. खरं आहे. चार तारे बघून गाडी घेणारी मी, दुसऱ्या वेळी तारे न बघता घेतली. माझ्याकडे उत्तर एवढंच की चार तारे पुलावर काळोखात उभे होते. पण हे उत्तर रात्री अकराला पुरतं आणि सकाळी पुरत नाही. ऑटोमॅटिकबद्दलही तेच. ऐरोली नाक्याच्या ट्रॅफिकमध्ये तासभर क्लच दाबून तिचा डावा गुडघा दुखतो, तेव्हा मी मूग गिळून शेक द्यायला बसते.

पोलोचं काय केलं, हे कुणीच विचारलं नाहीत. तेही सांगते. एका एजंटला एक लाख दहाला दिली. गाडी पाण्यात गेलेली आहे हे मी त्याला स्पष्ट सांगितलं. तो म्हणाला, "ते आमचं आम्ही बघतो." कागदावर लिहून दे, पुढच्या माणसाला सांग, असं मी म्हटलं नाही. हे म्हणाले, भंगारात काढू. तेव्हा मी हिशेब केला, आणि भंगाराचा आकडा फारच कमी होता.

लेक पुलावरून मुलुंडला उतरली की "पोचते" असा मेसेज टाकते. तोवर मी जागी असते. त्या वेळात कधीकधी एम-परिवहन या गाड्यांच्या सरकारी ॲपवर पोलोचा नंबर टाकते. मालकाच्या नावाची मधली अक्षरं फुल्यांनी झाकलेली असतात. विमा चालू आहे. पीयूसी चालू आहे. मालक क्रमांक चार.