प्रसिद्ध व्यक्तींची प्रश्नमंजूषा आणि इंग्रजी श्रवणाचा सराव

इंग्रजी ऐकून समजण्याचा सराव घेण्यासाठी प्रसिद्ध व्यक्तींवरील प्रश्नमंजूषा बहुतेक भाषाशिक्षकांनी कधी ना कधी वापरलेली असते. शिक्षकाने एखाद्या व्यक्तीची माहिती इंग्रजीतून टप्प्याटप्प्याने सांगायची आणि ती व्यक्ती कोण, हे विद्यार्थ्यांनी ओळखायचे, असा हा सोपा खेळ आहे. एरवी मागच्या बाकावर गप्प बसणारी मुलेही त्यात हिरिरीने भाग घेतात. माझा आक्षेप एवढाच आहे की, या उत्साहात प्रत्यक्ष ऐकणे किती झाले, हे सहसा कोणी तपासून पाहत नाही. ‘जमैका’ आणि ‘ऑलिंपिक’ हे दोन शब्द कानावर पडले की उसेन बोल्टचे नाव सुचते. त्यासाठी वाक्यातले एकही क्रियापद समजण्याची गरज नसते. असा तास सामान्यज्ञानाचा होतो, श्रवणाचा होत नाही.

त्यामुळे प्रश्न तयार करताना मी एकच कसोटी लावते. नीट न ऐकताही उत्तर देता येत असेल, तर तो प्रश्न बाद करायचा.

या कसोटीला सर्वांत चांगली उतरते ती एकमेकांशी साम्य असलेल्या दोन व्यक्तींची जोडी. रॉजर फेडरर आणि सेरेना विल्यम्स यांचेच उदाहरण घ्या. दोघेही टेनिसपटू, दोघांचाही जन्म 1981 सालचा आणि दोघांनीही विम्बल्डन अनेकदा जिंकलेले. एकेरीची ग्रँड स्लॅम विजेतेपदे मात्र फेडररची 20 आणि सेरेनाची 23, तर विम्बल्डनची एकेरी विजेतेपदे अनुक्रमे 8 आणि 7. हा तपशील असलेला तक्ता आधीच विद्यार्थ्यांच्या हाती द्यावा, म्हणजे कोणाला टेनिस किती कळते हा मुद्दाच उरत नाही. मग वाक्ये वाचावीत आणि प्रत्येक वाक्य कोणाविषयी आहे, याची खूण करण्यास सांगावे. काही वाक्यांत आकडा असावा, काहींत केवळ ‘ही’ किंवा ‘शी’ हे सर्वनाम. खरी परीक्षा सर्वनामाच्या वाक्यांतच होते. सहज गतीच्या बोलण्यात ‘ही’मधला ‘ह’ पुष्कळदा गळून पडतो आणि ‘व्हेन ही वॉज’ हे शब्द ‘व्हेनी वॉज’ असे एका दमात ऐकू येतात. पुस्तकात हे सर्वनाम शेकडो वेळा वाचलेल्या मुलांनाही ते कानाने पकडता येत नाही.

आकड्यांसाठी जलतरणपटू मायकेल फेल्प्स मला फार उपयोगी पडतो. त्याच्या नावावर 23 ऑलिंपिक सुवर्णपदके आहेत, परंतु मी सुरुवात 2000 सालच्या सिडनी ऑलिंपिकपासून करते. तेव्हा तो 15 वर्षांचा होता आणि 200 मीटर बटरफ्लाय शर्यतीत पाचवा आला होता. इंग्रजीतून सांगताना ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्थ’ हे दोन्ही शब्द एकाच वाक्यात येतात, आणि वय किती व क्रमांक कितवा असे विचारल्यावर वर्गात निरनिराळी उत्तरे मिळतात. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ यांमधला घोळ तर सर्वपरिचित आहे. पहिल्यात जोर सहसा शेवटच्या अवयवावर असतो, दुसऱ्यात पहिल्यावर. हा नियम फळ्यावर लिहून दिला तर वहीत जातो. चुकीच्या उत्तराने गटाचा गुण गेला की तो कानात बसतो.

व्याकरणालाही येथे अनपेक्षितपणे काम मिळते. मेरी क्युरी यांना 1903 साली भौतिकशास्त्राचे आणि 1911 साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. मलाला युसुफझाई यांना 2014 साली, वयाच्या सतराव्या वर्षी, शांततेचे नोबेल मिळाले. दोघींविषयीची वाक्ये साल, विषय आणि वय वगळून वाचली, तर ‘हॅज रिटन’ आणि ‘रोट’ किंवा ‘इज’ आणि ‘वॉज’ एवढ्याच फरकावरून ती व्यक्ती हयात आहे की नाही, हे ताडावे लागते. काळाचे तक्ते पाठ करण्याला कंटाळलेली मुले येथे मात्र त्या एका सहायक क्रियापदासाठी वाक्य पुन्हा वाचण्याचा आग्रह धरतात.

वाचण्याविषयी एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. विद्यार्थ्यांची दया येऊन शब्द सुटे सुटे करून वाचू नयेत. तसे केल्याने ज्या जोडउच्चारांचा सराव व्हायला हवा, तेच नाहीसे होतात. वाक्य नेहमीच्या गतीने वाचावे आणि गरज पडल्यास पुन्हा त्याच गतीने वाचावे. प्रसिद्ध व्यक्तींच्या मुलाखतींचे ध्वनिमुद्रण मी बरेच उशिरा आणते, कारण त्यात अर्धवट सोडलेली वाक्ये आणि श्रोत्यांचे हशे इतके असतात की नवशिक्या श्रोत्याचा धीर सुटतो.

व्यक्तींची निवड विद्यार्थ्यांकडूनच करून घेणे शहाणपणाचे ठरते. शिक्षकांना जे जगप्रसिद्ध वाटतात, त्यांची नावे पुढच्या पिढीने ऐकलेलीच नसतात, आणि हे आपल्या वयाची जाणीव करून देणारे असले तरी मान्य करावे लागते. शक्यतो निवृत्त खेळाडू घ्यावेत, म्हणजे आकडे दर हंगामात बदलत नाहीत. लग्ने, घटस्फोट आणि भानगडी मी पूर्णपणे टाळते. त्या विषयांवर चर्चा लगेच मातृभाषेत सुरू होते.

उत्तर जाहीर झाले की बहुतेक ठिकाणी खेळ पुढच्या व्यक्तीकडे सरकतो. मी तेथे थोडी थांबते. ज्या वाक्यावर बहुतेकांची चूक झाली ते वाक्य प्रत्येकाने जसे ऐकू आले तसे, मोडके-तोडके का होईना, लिहायचे आणि त्यानंतर मूळ वाक्य फळ्यावर पाहायचे. ‘व्हेनी’ हे कोणाचे तरी नाव असावे, असे समजून लिहिणारा विद्यार्थी हमखास सापडतो, आणि पुढच्या तासाला कोणत्या उच्चारांवर काम करायचे, ते मी अशाच चुकांवरून ठरवते.