काखेतले दाणे आणि सोसायटीचा ग्रुप

आमच्या चिरंजीवांच्या काखेत नि पोटाच्या कडेला साबुदाण्याएवढे गुळगुळीत चकचकीत दाणे आले, नीट बघितलं तर प्रत्येकाच्या मधोमध बारीकशी खळी. स्किनच्या डॉक्टरांनी ती खळी बघूनच सांगितलं, मोलस्कम कंटॅजिओसम, म्हणजे एका व्हायरसमुळे कातडीवर येणारे दाणे, टेस्ट वगैरे काही नाही.

हा व्हायरस म्हणे देवीच्या रोगाच्याच खानदानातला, पॉक्सव्हायरस. देवी १९८० साली जगातून गेल्याचं जाहीर झालं, हा मात्र आहे आपला टिकून. पण स्वभावाने गरीब हो, कातडीच्या वरच्या थरातच राहतो, ताप नाही की काही नाही.

सासूबाईंचं म्हणणं चामखीळच आहे, चुना लाव. अहो चामखिळीचा व्हायरस वेगळा, आणि काखेतल्या नाजूक कातडीला चुना लावला तर दाणा राहील बाजूला नि पोरगं भाजेल! आणि सोसायटीच्या ग्रुपवर तर लगेच सुरू, पूल बंद करा, कोणाच्या मुलाने आणलं ते शोधा. आता लागण झाल्यावर दाणे दिसायलाच दोन ते सहा आठवडे लागतात, कधी कधी सहा महिनेसुद्धा, मग शोधणार काय कपाळ? टॉवेल आणि ते पोहायचे फोमचे बोर्ड एकमेकांचे वापरू नका एवढं सांगितलं असतं तरी पुरे होतं, आमचा तर दाण्यांवर वॉटरप्रूफ पट्टी लावून पोहतो.

खरी डोकेदुखी म्हणजे नखं. दाणा फोडला की आतून पांढरट घट्ट ऐवज निघतो, त्यात व्हायरसच व्हायरस, आणि खाजवलं की ओळीने नवीन दाणे. त्यामुळे नखं कापणे हीच आमच्याकडची मुख्य ट्रीटमेंट. डॉक्टर खरवडून काढतात, लिक्विड नायट्रोजनने गोठवतात, पण लहान पोराला ते दुखतं आणि बहुतेकांचं सहा महिने ते वर्षभरात आपोआप जातं, काहींना दीड वर्ष किंवा जास्तही लागतं, म्हणून आम्ही थांबलोय. पापणीवर आलं किंवा मोठ्या माणसाला चेहराभर आलं तर मात्र डॉक्टर गाठाच, तिथे प्रतिकारशक्तीचीही तपासणी लागू शकते.

आणि एक, दाणे अचानक लाल होऊन सुजले तर लगेच अँटिबायोटिकच्या मागे लागू नका, बऱ्याचदा शरीराने त्यांच्याशी लढायला सुरुवात केल्याची ती खूण असते. ताप आला, पू झाला किंवा लाली पसरत गेली तर गोष्ट वेगळी.